पातेलं खाली उतरव, मग ओत

रविवार, दुपारचे दोन अठ्ठावन्न. खिडकीतून खाली पाहिलं तर समोरच्या फुटपाथवर एक जोडपं नुसतंच उभं आहे. बाईंच्या हातात कागदात गुंडाळलेली हायसिंथची कुंडी, बुवांची नजर मोबाइलवर. आमच्याकडेच यायचे आहेत. पण अजून दोन मिनिटं आहेत ना! स्वीडनमध्ये वेळेआधी बेल वाजवणं हे उशिरा येण्याइतकंच वाईट.

तीनला बेल वाजते आणि आमच्या जिन्यातली उरलेली मंडळीही एकदमच दारात उभी राहतात. पुढचं दृश्य दर वर्षी तेच. हातभर रुंदीच्या पॅसेजमध्ये बारा माणसं वाकून बूट काढताहेत, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. कोट, मफलर, टोप्या, हातमोजे यांचा ढीग. आणि कुणी चकार शब्द काढत नाही. एकाच जिन्यात दहा-दहा वर्षं राहणारी माणसं, पण लिफ्टमध्ये 'हेय' म्हणण्यापलीकडे संबंध नाही. (दारात पादत्राणं काढणारे लोक युरोपात भेटले याचं पहिल्या वर्षी मला कोण कौतुक! त्या बुटांखालचा बर्फाचा चिखल पुसता पुसता ते ओसरलं.)

या बारा जणांच्या हातात पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी गरम गेलं पाहिजे. गेलं, तर दुपार मार्गी लागली. नाही गेलं, तर पाच वाजेपर्यंत हवामानावर बोलायचं.

पाच वाजेपर्यंत, कारण आमंत्रणातच तसं लिहिलेलं असतं: 'ग्लोग, रविवारी १५ ते १७'. पाहुण्याला यायच्या वेळेबरोबर निघायची वेळही सांगायची हे वाचून माझी आई फोनवर अवाक झाली होती. "म्हणजे जा म्हणून सांगायचं?" तेव्हा मलाही ते उद्धट वाटायचं. आता वाटतं, सत्यनारायणाच्या पत्रिकेवरही असं छापायला हरकत नाही.

आम्ही गोथेनबर्गला राहतो. गावातले लोक त्याला 'योतेबोरी' म्हणतात, ते ऐकून लिहिलेलं नाव ओळखू येत नाही. नवऱ्याची मोटारींच्या कारखान्यातली नोकरी. मी गिरगावातली, लग्नानंतर पुण्याला, आणि तिथून इथे. आठ हिवाळे झाले. डिसेंबरात इथे नऊ वाजायला दहा मिनिटं असताना उजाडतं आणि दुपारी साडेतीनच्या आत मावळतं. ढग असले तर मधलेही तास कुणीतरी दिवा बारीक केल्यासारखे. म्हणून अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या चार रविवार आधी, घराघराच्या खिडकीत सात दिव्यांची त्रिकोणी दीपमाळ उभी राहते. अगदी कुणालाही न विचारता, एकाच संध्याकाळी, अख्ख्या रस्त्यावर. आपल्याकडे वसुबारसेला आकाशकंदील लागतात तशी. आणि तिथून नाताळपर्यंत दर रविवारी कुणाकडे ना कुणाकडे ग्लोग असतो.

ग्लोग म्हणजे मसाल्याची गरम वाइन. या शब्दातला स्वर 'ओ' आणि 'ए' यांच्या मधे कुठेतरी असतो, शीळ घालायला ओठ काढावेत तसे काढून म्हणायचा. मला अजून जमत नाही. शब्दाचं मूळ 'ग्लोद्गा' या क्रियापदात, म्हणजे निखाऱ्यासारखं तापवणं. लाल वाइन, साखर, दालचिनी, लवंग, वेलदोडा, आलं आणि पोमेरान्स नावाच्या कडू संत्र्याची वाळवलेली साल. कप कानवाले आणि चिमुकले. कानात दोन बोटं जेमतेम शिरतात. तळाशी थोडे बेदाणे आणि सोललेले बदाम घालायचे, त्यावर गरम ग्लोग ओतायचा आणि छोटा चमचा द्यायचा.

कप इतका चिमुकला का, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. आपल्या नजरेला तो कंजूसपणाच वाटतो.

पहिल्या वर्षी मी मोठे मग काढले. इतकंच नाही, ग्लोगही मीच करणार होते. दुकानात तयार बाटल्या मिळतात, त्या नुसत्या गरम करायच्या. पण मसाल्याचं पेय आणि ते बाटलीतून, ही कल्पनाच मला सोसेना. दालचिनी-वेलदोडे मला शिकवणार हे लोक? आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चहाचा मसाला कुटला जातोय. दोन बाटल्या वाइन पातेल्यात ओतली, मसाला मुठीने घातला, गॅस म्हणजे इथली विजेची शेगडी मोठी केली आणि चहाला देतो तशी चांगली खळखळून उकळी दिली. एक आली, दुसरी आली. वर झाकण. मुरू दे म्हटलं.

जे झालं ते जांभळ्या रंगाचं, तुरट, लवंगेने जीभ बधिर करणारं पाणी होतं. वाइनमधलं अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे पाण्याच्या पुष्कळ आधी. माझ्या दोन उकळ्यांत ते बरंचसं खिडकीच्या काचेवर जाऊन बसलं होतं. उरला तो द्राक्षाच्या सालींचा कडवटपणा आणि मसाल्याचा राग. पाहुण्यांनी एकेक घोट घेतला. एक बाई म्हणाल्या, "स्पेनान्दे!" शब्दकोशात याचा अर्थ 'रोमांचक' असा आहे. जेवणाखाणाच्या बाबतीत तो 'पुन्हा नको' असा घ्यायचा, हे मला पुढे कळलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मग दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे होते. मग वाकून हळूच म्हणाले, "लहानपणी खोकला झाला की आई असंच काहीतरी द्यायची. फार आठवण आली."

(त्यांना आजोबा मी मराठीतच म्हणते, घरातल्या घरात. तोंडावर नावाने हाक मारावी लागते. १९६० च्या दशकाच्या शेवटी या देशाने 'आपण', 'साहेब', हुद्दे, सगळं मोडीत काढलं आणि सरसकट 'दू', म्हणजे 'तू' सुरू केलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करताना माझी जीभ अजून अडखळते.)

खोकल्याचं औषध. रात्री मग घासताना हसू आलं, कारण हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. आईच्या तोंडून, बाबांना उद्देशून, गिरगावात.

आमची चाळ खोताच्या वाडीला पाठ लावून होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी: गिरगावच्या ऐन गर्दीत, ठाकूरद्वाराच्या अलीकडे, दोन माणसं शेजारून जेमतेम जातील अशा गल्ल्या, लाकडी जिने बाहेरून काढलेली एकमजली-दुमजली घरं, रंगवलेले कठडे, आणि व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून बसलेलं कुणीतरी. मासळीसाठी लोक अनंताश्रमात यायचे, तेही याच वाडीत. आणि राहणारी बरीच घरं ईस्ट इंडियन. नावावरून बंगालकडचे वाटतील, पण हे मूळचे इथलेच: उत्तर कोकणातले, मुंबई-वसई-साष्टीचे, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले आणि घरात मराठीच बोलणारे. गोव्याहून आणि मंगळूरहून मुंबईत नोकरीला आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, हे ठसवण्यासाठी त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' काढली आणि कंपनी सरकारचं नाव स्वतःला लावून घेतलं. भूमिपुत्रांनी लावावं असं हे नाव नव्हे, पण चिकटलं.

त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट जायचं, नाताळला तिकडून ताट यायचं, क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं: कलकल, मिल्क क्रीम, नेवऱ्या, खजुराचे रोल. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्ही घरांत न सांगता एकच होता, त्यामुळे माझ्या आठवणीत ती दोन ताटं वर्षभर वाडी आणि चाळ यांच्यामधे फिरतच असायची.

पंचवीस डिसेंबरला संध्याकाळी आम्ही तिकडे जायचो. १९८५-८६ चा सुमार असेल. मुंबईची ती कडाक्याची थंडी, म्हणजे अठरा-एकोणीस अंश. बाबा स्वेटर घालायचे, वर्षातला तो एकच दिवस. व्हरांड्यात पुरुषमंडळी, आत बायका. आणि एका ट्रेमधून मोठ्या माणसांसाठी इवल्याशा काचेच्या ग्लासांतून वाफाळतं काहीतरी यायचं. मावशी म्हणायची, 'खिमाड'. मी पहिल्यांदा 'खिमट' ऐकलं आणि बाळाला भरवतात ते तांदळाचं खिमट या दाढीमिशीवाल्या माणसांना का देताहेत, याचा बराच विचार केला. बाबा दोन घोटांत ग्लास संपवायचे, त्यांचे कान लाल व्हायचे, आणि घरी येताना जिन्यात आईला सांगायचे, "अगं, काढा होता. मसाल्याचा. सर्दीला चांगला." आई म्हणायची, "दर नाताळला बरी सर्दी होते तुम्हाला. खोकल्याचं औषधच म्हणा की."

खिमाड ही ईस्ट इंडियन लोकांची समारंभाची दारू. लग्नघरी तर हवीच. लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' आणायला बॅंड लावून वरात निघते, तेव्हा ती हातोहात फिरते. मावशीकडे ती नाताळलाही व्हायची, आणि ती करताना मी एकदा पाहिली. मुलगी आणि मी दाराच्या उंबऱ्यावर, आत यायला मनाई.

जाड बुडाच्या पातेल्यात मावशीने नुसती साखर टाकली, पाण्याचा थेंब नाही. ती आधी कडेने वितळायला लागली, मग मधोमध ओली झाली, मग मधासारखी, मग तांबूस. मावशी काहीच करत नव्हती, नुसती बघत होती. करपल्याचा पहिला वास आमच्या नाकाला लागतोय न लागतोय तोच तिने तांब्याभर पाणी ओतलं. चर्रर्र! वाफेत ती दिसेनाशीच झाली. साखरेचा दगड झाला आणि मग हळूहळू विरघळला. त्यात दालचिनी, लवंगा, सालासकट चेचलेले वेलदोडे, ठेचलेलं आलं, आणि गवती चहाच्या पाती गाठ मारून. आता मात्र तिने खळाखळा उकळू दिलं. इतकं, की वास व्हरांड्यात गेला आणि तिथले आवाज जरा वाढले. मग पातेलं गॅसवरून उतरवून जमिनीवर, दुमडलेल्या गोणपाटावर. पंच्यातून गाळणं. गॅस बंद. आणि त्यानंतर कपाटामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. ती कुठून यायची हे आम्ही विचारायचं नव्हतं. उत्तनचा कुणी भाचा होता एवढं माहीत होतं.

इथे मी बसले होते गोथेनबर्गच्या सिंकपाशी, हातात जांभळा मग. आणि मला ते गोणपाट आठवलं.

मावशी आता नाही. तिच्या मुलीला मेसेज टाकला. ती वसईकडे राहते, शाळेत शिकवते. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, मागे कुकरच्या शिट्ट्या: "अगं बये, दारू कुणी उकळतं का? मसाला उकळ. पाण्यात. जीव जाईपर्यंत उकळ. मग गाळ. पातेलं खाली उतरव, मग ओत. मम्मी हेच ओरडायची आम्हाला. आणि प्रमाण विचारू नकोस, घर वासाने भरलं की झालं."

तिचा तो आवाज मी दर वर्षी अ‍ॅडव्हेंटच्या आधी एकदा ऐकते. गरज नसते, तरी.

दुसऱ्या वर्षीपासून मी ग्लोग खिमाडच्या वाटेने करते. शनिवारी रात्री काढा: साखर जाळून, त्यात अर्धा लिटर पाणी, दोन मोठ्या काड्या दालचिनी, दहा-बारा वेलदोडे, सात लवंगा (पहिल्या वर्षी मोजल्याच नव्हत्या), आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा आणि पोमेरान्सची साल. निम्म्यावर आला की बंद, रात्रभर झाकून. रविवारी गाळून दोन बाटल्या वाइनमध्ये मिसळायचा आणि मंद आचेवर ठेवायचा. पृष्ठभाग थरथरायला लागतो, वाफेची पहिली बट उठते, कडेला बुडबुडा यायच्या आत उतरवायचं. थर्मामीटर लावला तर सत्तर अंश. आपल्याकडे चहा, दूध, आमटी, काढा, सगळ्यांचं 'झालं' हे उकळीवर ठरतं. हात आपोआप थांबून राहतो. उकळीच्या आधी उचलायला मला त्या हाताला दोन हिवाळे शिकवावं लागलं.

मसाल्याला मात्र इथे तोटा नाही. वेलदोड्यावर या लोकांचं प्रेम आपल्यापेक्षा काकणभर जास्तच असेल: पावात वेलदोडा, केकमध्ये वेलदोडा, तोही आपल्यासारखा चिमूटभर नव्हे तर दाण्यांचा दाताखाली कचका येईल इतका. नाव 'कार्डेमुम्मा'. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत, पैसे देतो त्या काउंटरपाशी ठेवलेलं, कारण चोरीला जातं. १३ डिसेंबरला लुसिया असते, पहाटे पांढऱ्या झग्यातल्या मुली गातात, पुढची डोक्यावर मेणबत्त्या घेऊन, त्या दिवशी केशराचे पिवळेधम्मक पाव खायचे. माझ्या सासूबाई एकदा त्या दिवसांत इथे होत्या. पाव हातात घेऊन म्हणाल्या, "श्रीखंडाचा वास येतोय गं याला."

आता हे एवढं वेलदोड्याचं वेड उत्तर ध्रुवाकडे आलं कुठून, याच्या मी फार खोलात गेले नाही. पण गावाच्या मध्यात, कालव्याच्या काठी, पिवळ्या विटांची एक भलीमोठी इमारत आहे, आज तिथे शहराचं संग्रहालय आहे. नाव वाचून मी थबकले: 'ओस्तइन्दिस्का हूसेत'. ईस्ट इंडिया हाउस. स्वीडिश लोकांचीही एक ईस्ट इंडिया कंपनी होती, १७३१ साली याच गावात निघालेली. तिची जहाजं मुख्यतः चीनला, कॅंटनला जायची, चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन यायची. त्यातलं एक जहाज, गावाचंच नाव असलेलं, १७४५ साली चीनचा सगळा प्रवास करून आलं आणि बंदराच्या तोंडाशी, घर दिसत असताना, खडकावर आपटून बुडालं. मला त्या इमारतीपुढे मावशीच आठवली. 'आमी ईस्ट इंडियन' असं ती ज्या तोऱ्यात म्हणायची, तो तोरा.

सामान सगळं मिळतं, प्रश्न वाइनचा. इथे घरी न्यायचं तर साडेतीन टक्क्यांवरचं जवळजवळ सगळं सरकारी दुकानातच मिळतं, 'सिस्टेमबोलागेत'मध्ये. शनिवारी ते दुपारी तीनला बंद होतं, रविवारी उघडतच नाही. हे आठ वर्षांत मला पाठ व्हायला हवं होतं. मागच्या वर्षी शनिवारी संध्याकाळी काढा उकळत ठेवला, कपाट उघडलं, आणि बाटली एक. बारा माणसांना एक! नवरा म्हणाला, "मुंबईत असतो तर कुणाच्या तरी हातापाया पडलो असतो." मुंबईत आमच्या आजोबांच्या पिढीला तेही सोपं नव्हतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर बाटली हवी तर प्रकृतीच्या कारणाचा परवाना काढावा लागे, आणि ज्यांची प्रकृती सरकारदरबारी ठणठणीत होती त्यांच्यासाठी वांद्र्या-माझगावच्या गल्ल्यांतून 'आंटी' होत्या.

यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मला त्यांची बाजू ऐकवली. स्वीडनमध्ये १९२२ साली संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झालं आणि ती थोडक्यात हुकली. पण १९५५ पर्यंत दारूचं रेशनकार्ड होतं, 'मोतबोक'. दुकानात ते दाखवायचं, शिक्का मारून घ्यायचा. बायकांना कोटा कमी, आणि लग्न झालेल्या बाईला कार्डच नाही. नवऱ्याचं आहे ना! "माझी आई," आजोबा म्हणाले, "नाताळच्या ग्लोगसाठी वर्षभर वडिलांच्या कोट्यावर डोळा ठेवून असायची." त्यांच्या आजोळी ग्लोग जुन्या पद्धतीने होई. पातेल्यावर जाळी, जाळीवर साखरेचा खडा, त्यावर कडक दारू ओतून पेटवून द्यायची. निळी ज्योत आणि तांबूस साखर थेंबथेंब खाली वाइनमध्ये. म्हणजे साखर जाळणारी मावशी एकटी नव्हती.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते शनिवारी रात्री साडेआठला, त्यांच्या दारात, कारण मी तिथे दोन बाटल्या उसन्या मागायला गेले होते. आपल्याकडे विरजण मागायला जातात तशी. इथे कुणी कुणाच्या दारात असं जात नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेले आणि दोन बाटल्या हातात ठेवल्या. चांगल्या होत्या. ग्लोगला घालवू नयेत अशा.

दुसरं एक पातेलं बिनदारूचं असतं आणि त्याचा मला जास्त अभिमान आहे. मुलं असतात, कुणी गरोदर असते, आणि गाडी चालवणारे असतात. इथे रक्तात दर हजारी ०.२ एवढ्यावरच गुन्हा लागतो, त्यामुळे 'मी चालवतोय' म्हटलं की विषय संपला. अशांसाठी बाजारात जो गोड सरबतासारखा ग्लोग मिळतो तो पिऊन माणूस उदास होतो. मी काळ्या मनुकांसारखी दिसणारी इथली आंबट बेरी असते, ब्लॅककरंट, तिचा रस घेते, त्यात तोच काढा, आणि चार आमसुलं. सावंतवाडीची, बॅगेतून आलेली. आमसुलाने वाइनचा तो तुरट-आंबट कणा येतो आणि रंग असा, की दोन्ही पातेली शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. म्हणूनच एका डावाला लाल दोरा बांधलेला असतो. दोरा सुटलेल्या वर्षीची गोष्ट सांगत नाही.

आग्रहाचं प्रकरण मात्र मला जमलं नाही ते नाहीच. आपल्या 'नको'ला तीन पायऱ्या असतात. पहिला 'नको' रीतीचा, दुसरा लाजेचा, तिसऱ्यात थोडं तथ्य. इथे एकच. 'ताक, देत एर ब्रा', म्हणजे 'आभार, पुरे'. मी एकदा एका शेजाऱ्याच्या अशा 'पुरे'वर हसत हसत कप भरला. तो काही बोलला नाही. पाच वाजता सगळे गेल्यावर तो काठोकाठ भरलेला कप खिडकीत दीपमाळेशेजारी तसाच होता, वर साय धरल्यासारखा गार. बदामही खाल्ले नव्हते.

पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की आग्रहाचं काम तो चिमुकला कपच करतो. एकतर तो गार व्हायच्या आत संपतो, म्हणून पुन्हा भरायला कुणीतरी उठतंच. दुसरं, त्या कानात बोट नीट शिरत नाही, म्हणून माणूस तो दोन्ही तळव्यांत धरतो, आणि दोन्ही हातांनी काही धरलेला माणूस खिशात हात घालून भिंतीला टेकू शकत नाही, फोनही काढू शकत नाही. तिसरं आणि खरं कारण तळाशी. बेदाणे गरम वाइन पिऊन टम्म फुगतात, बदाम चमच्याखालून निसटतात. कपाची मान वाकडी करून, एक डोळा मिटून प्रत्येक जण तळ खरवडत असतो. बॅंकेत मोठ्या पदावर असलेली बाई आणि टॅक्सी चालवणारा इराणी शेजारी एकाच वेळी तोंड वर करून कप ठोकत होते, त्यांची नजरानजर झाली आणि दोघं फस्सकन हसले. जिन्यात सहा वर्षं राहून त्यांनी एकमेकांची नावं त्या दिवशी विचारली. मोठ्या मगात हे झालं नसतं. त्यात बदाम बुडाशी गेले की हरवलेच.

आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचे. ते देणारा काही बोलायचा नाही, पाहुणाही काही बोलायचा नाही. तोंड गोड होईपर्यंत दोघांनाही सवड. चहाचं तसं नाही. चहा येईपर्यंत 'कशाला उगाच'चा एक आख्खा अंक होतो. कोजागिरीचं मसाला दूध त्यातल्या त्यात जवळचं, पण तिथे चंद्र असतो, बोलायला.

मागच्या वर्षीच्या रविवारी, आजोबांच्या वाइनचा ग्लोग झाला तेव्हा, साडेतीनपर्यंत बाहेर काळोख झाला होता. आल्याच्या पातळ बिस्किटांची, पेप्परकाकोरची ताटली फिरत होती. त्यांचा इथे एक खेळ आहे. बिस्कीट तळहातावर ठेवायचं, मनात इच्छा धरायची आणि बोटाच्या पेराने मधोमध दाबायचं. बरोबर तीन तुकडे झाले तर इच्छा पुरी. माझ्या मुलाचे चार झाले, त्याने एक पटकन खाऊन टाकला. कुणीतरी बिस्किटावर निळं बुरशीचं चीज लावून मला दिलं. मी म्हटलं, "स्पेनान्दे." सगळे हसले. आता मलाही भाषा येते.

आजोबा खिडकीपाशी होते. कप संपला होता, तळ खरवडून झाला होता. दुसऱ्यांदा मीच भरला होता, त्यांनी विचारल्यावर. स्वीडिशमध्ये कॉफीच्या दुसऱ्या कपाला स्वतंत्र शब्द आहे, 'पोतोर'. तिसऱ्यालाही आहे, 'त्रेतोर', तो फारसा वापरात नाही. त्यांनी कप माझ्यापुढे धरला आणि शाळकरी मुलासारखे म्हणाले, "त्रेतोर?"

"खोकला आहे का?" मी विचारलं.

"फार," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात आले तर पातेलं शेगडीवरच राहिलं होतं, आच कमी करायची विसरून. वाफेची बट दाट झाली होती, कडेला पहिले बुडबुडे लागत होते. मी ते उचलून खाली फरशीवर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवलं. जरा थांबले. मग ओतलं.